हात तुझे, कीबोर्ड दुकानाचा

अगं, परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, उजव्या हाताची बोटं सकाळी बधिर असतात, झटकली की मुंग्या येतात. आणि लगेच, 'आईला सांगू नकोस गं ताई.' नाही सांगितलं. पण मला गप्पही बसवेना. दुपारी सेवा केंद्रातली गर्दी ओसरली की हे वाच, आणि वाचताना तो हात माऊसवरून काढून मांडीवर ठेव.

का लपवतेस ते कळतं मला. आपल्या आमगावात दुखणं म्हणजे काय, तर रोवणीच्या चिखलात वाकून धरलेली कंबर, नाहीतर धानाची पोती उचलून गेलेला खांदा. पंख्याखाली खुर्चीत बसणाऱ्या पोरीचं मनगट दुखतं म्हटलं तर चार जणी हसतील, आणि एखादी मावशी म्हणेल, 'मग लग्न कर, सुटशील.' म्हणून तू रात्री बाम चोळतेस आणि गप्प राहतेस. अशा किती मुली असतील बघ बाजारात! सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, टायपिंगच्या क्लासात, मिलच्या हिशेबाला. सगळ्यांच्या पुढ्यात तोच मळका कीबोर्ड, ज्याच्यावर सकाळी एकाचा हात, दुपारी दुसरीचा, संध्याकाळी मालकाचा. सगळ्यांचा, म्हणजे साफ करायला कुणाचाच नाही.

कीबोर्ड घाण आहे हे तू वेगळं गाऱ्हाणं म्हणून सांगतेस आणि हात दुखतो हे वेगळं. मला ती दोन्ही एकच वाटतात. कसं, ते सांगते.

तुमच्या केंद्रातल्यासारखा साधा कीबोर्ड उघडला तर आत फार काही नसतं. प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेघा, मधल्याला भोकं. त्यावर प्रत्येक बटणाखाली रबराची एक छोटी घुमटी. बटण दाबलं की घुमटी बसते, भोकातून दोन रेघा एकमेकींना टेकतात, अक्षर उमटतं. बोट उचललं की घुमटी बटणाला परत वर ढकलते. आता बटणाच्या कडेला सुपारीचा चुरा अडकला, गोड चहाचा थर सुकला, की ते अडखळत खाली जातं आणि रेंगाळत वर येतं. हलकं दाबून अक्षर येत नाही, म्हणून तू जोरात ठोकतेस. मग सवयच लागते, बरी बटणंसुद्धा ठोकली जातात. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात गं, ते कोपराच्या खाली असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटाच्या बोळातून बोटांपर्यंत जातात. बोट ठोकतं तेव्हा ओढ मनगटाला बसते. साफ कीबोर्ड दिसायला छान म्हणून नको आहे मला, तो हलका चालतो म्हणून हवा आहे.

आणि आपल्याकडची घाण तरी काय साधी! नोव्हेंबर-डिसेंबरात मळणीयंत्रं धडधडायला लागली की हवेत तनसाची बारीक धूळ, त्यात राईस मिलचा कोंडा. दार उघडं ठेवल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही, आणि दार उघडं म्हणजे सगळं आत. नेमका तोच धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीचा मोसम, म्हणजे कीबोर्डला क्षणाची उसंत नाही. त्यात खर्रा. समोरचा माणूस खर्रा घोटता घोटता कागद सरकवतो, सातबाऱ्यावरचं नाव दाखवायला बोट स्क्रीनला लावतो, आणि 'मी करून पाहू का' म्हणत माऊसही हातात घेतो. सुपारी, तंबाखू, चुना, तिन्ही त्याच्यावर. काउंटरवर एक पाटी लाव: 'माऊसला हात लावू नये.' राग येतो लोकांना, येऊ दे. सकाळची अगरबत्तीही कीबोर्डच्या डोक्याशी खोचू नकोस, राख सरळ फटींत जाते.

दसऱ्याला दुकानातल्या कॉम्प्युटरची पूजा होते, ती जरूर कर. पण हळद-कुंकू आणि अक्षता बटणांवर वाहू नयेत. तांदळाचा दाणा स्पेसबारखाली गेला की तो काढायला अख्खा कीबोर्ड उपसावा लागतो. मी तर म्हणते, वर्षाची मोठी साफसफाई खंडेनवमीलाच करून टाकावी. आपले वाडवडील त्या दिवशी हत्यारं घासूनपुसून ठेवत, तुझं हत्यार हेच.

ती मोठी साफसफाई अशी. आधी कॉम्प्युटर बंद, कीबोर्डची तार काढलेली. बिनतारी असेल तर सेल काढून ठेव. मोबाईलवर कीबोर्डचा एक फोटो घे, नाहीतर बटणं परत लावताना कंसाचं बटण कुठलं आणि स्वल्पविरामाचं कुठलं, शोधत बसशील. मग कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा धरून पाठीवर हलक्या थापा मार. जे पडेल ते पाहून तुला नाश्ता नको होईल, पण बघ एकदा. त्यानंतर रंगकामाचा नवा मऊ ब्रश घेऊन एकाच दिशेनं फटी झाडायच्या. तोंडानं फुंकर मारायची नाही, फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात आणि धूळ आत घट्ट बसते. रबरी फुगा दाबून हवा मारायचा ब्लोअर मिळतो, तो पुरे.

बटणं काढायची वेळ आली तर कोपऱ्यातून सावकाश उचलायची. स्पेस, एंटर, शिफ्ट ही लांब बटणं मात्र शक्यतो काढू नकोस. त्यांच्याखाली तोल सांभाळायला बारीक तार असते, ती एकदा वाकडी झाली की बटण एका बाजूनंच दबतं. काढलेली बटणं कोमट पाण्यात साबणाच्या फेसात बुडवून चोळायची, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायची नाहीत. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्यांना पंख्याखाली रात्रभर तरी ठेव. लॅपटॉपची बटणं मात्र काढायच्या फंदात पडू नकोस. ती पातळ कात्रीसारख्या पट्ट्यांवर बसवलेली असतात, त्या नाजूक पट्ट्या तुटतात आणि बाजारात सुट्या मिळायची मारामार.

पुसायला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए मिळतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल. सत्तर टक्क्यांचं चांगलं. मऊ कापडावर थोडं घ्यायचं, कापड ओलसर हवं, गळणारं नको, आणि बाटलीतून थेट कीबोर्डवर कधीच शिंपडायचं नाही. ते पटकन पेट घेतं, म्हणून दिवा-उदबत्ती आधी विझव. करोनाच्या दिवसांत सगळ्यांनी हाताचं सॅनिटायझर कीबोर्डला चोळलं. त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून. बटणांवर त्याचा चिकट थर राहतो आणि धूळ दुप्पट बसते. थिनर, पेट्रोल, नेलपेंट काढायचं पाणी ही तर प्लॅस्टिकची वैरी.

रोज मात्र एवढं सगळं नको. आल्याबरोबर उलटा करून एक झटका, कोरड्या कापडानं पुसणं, आणि जाताना वर एक सुती रुमाल. जुन्या टायपिंग क्लासात मशीनवर झाकण घातल्याशिवाय मुलींना घरी सोडत नसत, ती शिस्त कॉम्प्युटर आल्यावर का गेली कुणास ठाऊक.

पुसण्याचं आणखी एक कारण आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, आठवते ना? घरातल्या एकाचे आले की सगळ्यांचे येत होते. तो संसर्ग डोळ्यांत डोळे घालून होत नाही, तो हातांवरून पसरतो: डोळ्याला लावलेला हात बटणाला, बटणाचा दुसऱ्याच्या बोटाला, तिथून त्याच्या डोळ्याला. साथ असली की पाळी बदलताना कीबोर्ड-माऊस पुसायचाच. आणि पोह्यांची प्लेट पुढ्यात घेऊन टाईप करायचं नाही. उठून बाजूला जाऊन खा, तेवढीच पाठ मोकळी होते.

चहा सांडला तर? पहिलं काम, तार उपटणं. दुसरं, कीबोर्ड उलटा. तिसरं, आरडाओरडा. या क्रमानंच. साधं पाणी असेल तर दोन दिवस उलटा ठेवून वाळला की बहुतेक वेळा चालतो. दुधाचा गोड चहा वाळला तरी चिकटतो, तेव्हा तो उघडून धुवावा लागतो किंवा सरळ बदलावा लागतो. लॅपटॉपवर सांडला तर पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद कर, चार्जर काढ, उघडाच उलटा टेकवून ठेव आणि त्याच दिवशी कारागिराकडे ने. 'चालतो का बघू' म्हणून सुरू करून बघायचं नाही, खरं नुकसान त्यातच होतं. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको. आणि हो, तांदळात पुरून ठेवायचा नाही! आपण धानपट्ट्यातली माणसं, पिंपभर तांदूळ घरात, त्यामुळे तो मोह आपल्याला जास्त. पण तांदूळ आतलं पाणी ओढून काढत नाही, उलट त्याची पावडर आणि कणी आत शिरते. २०२४ मध्ये ॲपल कंपनीनंसुद्धा भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका म्हणून लेखी सूचना दिली. तांदूळ शिजवायला ठेव.

कधी कधी कीबोर्ड साफ असूनही मेल्यासारखा होतो, तेव्हा घाबरू नकोस. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं तर 'फिल्टर कीज' सुरू होते आणि हलका, झटपट दाब मोजलाच जात नाही. शिफ्ट पाच वेळा दाबलं तर 'स्टिकी कीज' विचारते. दोन्ही अपंगत्व असलेल्यांच्या सोयीसाठी आहेत, आपण नकळत सुरू करतो आणि कारागिराला बोलावतो. सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं, संपलं. एखादं बटण खरंच गेलं आणि समोर रांग उभी असेल, तर विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकदम दाब, पडद्यावर कीबोर्ड येतो. माऊसनं अक्षर टिपून अर्ज पुरा करता येतो.

आता माऊस. तुझ्या हाताचं खरं दुखणं मला तिथेच दिसतं. तुमच्या काउंटरवर काच आहे, तिच्याखाली मालकानं देवाचे फोटो आणि दरपत्रक ठेवलंय. माऊसच्या पोटात एक दिवा आणि एक इवलासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि एक फोटो दुसऱ्याशी ताडून हात किती सरकला ते ठरवतो. गुळगुळीत काचेवर त्याला ताडायला काही सापडतच नाही, म्हणून बाण उड्या मारतो, आणि तू मूठ आवळून त्याला जागेवर आणतेस. जुन्या वहीचा जाड पुठ्ठा खाली घाल, चकचकीत नको, साधा. फरक पाच मिनिटांत कळेल. खालच्या भोकात केस किंवा धागा अडकला तरी बाण असाच नाचतो, तो चिमट्यानं काढ. तळाच्या चार गुळगुळीत पट्ट्यांवर काळा थर जमतो, नखानं खरवडला की माऊस हलका सरकतो.

माऊस धरायचा कसा, तर उकडलेलं अंडं हातात घेतल्यासारखा. तो सरकवायचा कोपरातून, मनगट टेबलाला चिकटवून नुसतं डावी-उजवीकडे वळवत राहायचं नाही. कीबोर्डच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर ठेव. तुझा माऊस पावतीपुस्तकापलीकडे असतो, म्हणजे दिवसभर हात लांब करून बसायचं, खांदा भरून येणारच. माऊसच्या सेटिंगमध्ये बाणाचा वेग थोडा वाढव, कमी हालचालीत जास्त जाईल. आणि एक करून बघ: आठवड्यातले काही तास माऊस डाव्या हाताला दे. सेटिंगमध्ये बटणं उलटी करता येतात. पहिले दोन दिवस वैताग येईल, मग जमेल. नक्कल, चिकटव, मागे फिर ही कामं कंट्रोलबरोबर सी, व्ही, झेडनं होतात, त्यासाठी माऊसकडे हात नेऊच नये.

हा माऊस जगाला पहिल्यांदा दिसला ९ डिसेंबर १९६८ ला, अमेरिकेत डग्लस एंगलबार्टनं दाखवला तेव्हा. त्याचा पहिला नमुना लाकडी ठोकळा होता, खाली दोन चाकं. कीबोर्ड त्याहून जुना. त्यावरची अक्षरांची मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या टाइपरायटरची, आणि ओळी एकमेकींपासून तिरक्या सरकलेल्या आहेत त्या आतल्या दांड्यांना जागा मिळावी म्हणून. दांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला. मांडणी सोयीची झाली ती यंत्रासाठी. तुझ्या हाताची सोय तुलाच बघायची आहे.

ती सोय अशी. खुर्चीवर बसून खांदे सैल सोड. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात, आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ, ना वर मोडलेलं ना खाली. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय सगळेच हौसेनं उभे करतात, ते मिटवून टाक. ते उभे असले की मनगट मागे वळतं. टायपिंगच्या जुन्या बाई मनगट टेबलावर टेकलं की पट्टी मारायच्या. पट्टी वाईट, शिकवण बरोबर. टाईप करताना मनगट तरंगतं हवं, टेकायचं ते थांबलीस की. तुमचं काउंटर उभ्या गिऱ्हाइकाच्या मापाचं आहे, म्हणून खुर्चीवर उशी घेऊन वर बस, आणि पाय लोंबायला लागले तर खाली पाट ठेव. स्क्रीन हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या समोर. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं. रस्त्यावरून कोण जातंय ते बघ, एरवी बघतेसच की.

तू लिपिकाच्या जागेसाठी राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा देते आहेस, मराठी तीस शब्दांची आणि इंग्रजी चाळीसची. म्हणजे दिवसभर केंद्र आणि संध्याकाळी क्लास. वेग वाढवायचा म्हणून जोर वाढवू नकोस, एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर तर्जनी ठेवून न बघता टाईप करणाऱ्या मुलीचाच वेग टिकतो, आणि तिचे हात शांत दिसतात. सराव तुकड्यातुकड्यांनी कर, सलग तासभर नको.

आता जे कुणी बोलत नाही ते. तुझं मनगट फक्त कीबोर्डनं दुखत नाही. घरी गेल्यावर बादलीभर कपडे कोण पिळतं? पोळ्या कोण लाटतं? सुट्टीच्या दिवशी रोवणीला कोण जातं? मनगट सगळ्याला तेच. म्हणून डॉक्टरांना फक्त 'कॉम्प्युटरचं काम करते' एवढंच सांगू नकोस, पिळणं-लाटणंही सांग. आणि घरातल्या भावाला पिळू दे की चादरी, त्याची मनगटं छान आहेत.

अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्याचीच बधिरता असेल, रात्री जाग येत असेल, हात झटकून बरं वाटत असेल, तर त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटाच्या अरुंद बोळातून कंडरांबरोबर एक नस जाते, ती दबते. करंगळीत मुंग्या येत असतील तर नस वेगळी, तेही डॉक्टरांना नीट सांग. बायकांत हे जास्त दिसतं, थायरॉइड किंवा साखर असेल, गरोदरपण असेल तर आणखी. म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतील, घाबरू नकोस. सुरुवातीला बहुतेकांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि कामातले बदल यांनी आराम पडतो. दुर्लक्ष केलं तर अंगठ्याच्या मुळाचा स्नायू हळूहळू वाळतो, वस्तू हातातून निसटायला लागतात. बाम तिथवर पोचत नाही. गावातल्या ग्रामीण रुग्णालयात दाखव, ते गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील तर जा. आणि आईला घेऊन जा. एकटीनं लपूनछपून दवाखान्यात जाण्यानं गावात जास्त चर्चा होते.

राहता राहिलं सामान. स्वतःचा तारेचा कीबोर्ड आणि माऊस घे, साध्या कंपनीचे दोन्ही मिळून हजाराच्या आत येतात. बिल मागून घे, वॉरंटी त्यावरच असते. माऊस हातात धरून बघून घे, मुलींच्या हातात मोठा माऊस मावत नाही. आपली पाळी संपली की दोन्ही पिशवीत घालून घरी आणायचे, कुणी नाक मुरडलं तरी. तुला यातून पगार मिळतो, हेडफोनवर त्याहून जास्त खर्च केला होतास गेल्या दिवाळीत.

खुर्ची आणि काउंटर मात्र मालकाचं. त्यांना सांग, पण 'हात दुखतो' म्हणून रडून नको. म्हण, 'काका, काचेवर माऊस चालत नाही, एका अर्जाला दुप्पट वेळ लागतो, आणि खुर्चीला उंची कमी-जास्त करायची सोय हवी.' वेळेचं नाव काढलं की ते ऐकतील, रांग त्यांनाही दिसते. नाहीच ऐकलं तर मला कळव, पुढच्या रविवारी मी आमगावला येतेच आहे, मी बोलते त्यांच्याशी.